ॲल्युमिनियमच्या रॉडमधलं कडं

गेल्या उन्हाळ्यात एक ओळखीचा फॅब्रिकेटर आमच्या लॅबमध्ये आला. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमची लहानशी टेस्टिंग लॅब आहे. दोन मायक्रोस्कोप, एक हार्डनेस टेस्टर, एक पॉलिशिंग मशीन आणि चहाच्या हिशेबाची वही, एवढाच पसारा. मुलगा दांडिया बाजारातला, त्याच्या आजोबांपासूनची ओळख. त्याने वाकवलेल्या रॉडचे दोन तुकडे टेबलावर ठेवले. दोन्ही २५ मिलिमीटरचे, दोन्ही ॲल्युमिनियमच्या ६०८२ नावाच्या मिश्रधातूचे, एकाच बंडलातले. एक वाकवूनही गुळगुळीत. दुसऱ्याची बाहेरची बाजू मात्र संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झालेली.

"काका, माल एकच, बेंडिंग मशीन एकच, चालवणारा माणूसही एकच. मग हे असं का?"

"कापून बघू," म्हटलं.

दोन्ही रॉड आडवे कापले, तोंडं एमरी पेपरवर घासून सपाट केली आणि कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात सोडली. ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये गेलं की फसफसतं, हायड्रोजन सुटतो, नाकाला झोंबणारी वाफ येते, म्हणून एक्झॉस्ट चालू ठेवावा लागतो. थोड्या वेळाने बाहेर काढलं तर तोंडावर काळं किटण. ते नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवलं की निघून जातं. मग नळाखाली धुतलं आणि खिडकीपाशी नेलं.

चांगल्या रॉडचं तोंड जवळजवळ सगळं एकसारखं होतं, मऊ राखाडी, रेशमी कापडासारखं. कडेला नखाच्या जाडीएवढी एक फिकट रेघ, तीही शोधली तर दिसणारी. खराब रॉडचा गाभा तसाच राखाडी, पण कडेने दोन-अडीच मिलिमीटरचं कडं. आणि त्या कड्यात दाणे! साध्या डोळ्यांना दिसतील एवढे, खडीसाखरेसारखे. तुकडा हातात फिरवला की एक दाणा चमकायचा, शेजारचा विझायचा.

"हे बाहेरून चढलेलं काही आहे का?" त्याने विचारलं.

नाही. धातू तोच आहे, रसायनही तेच. फरक आहे तो रॉड दाबून काढणाऱ्या प्रेसमधून येताना कोण किती रगडला गेला याचा, आणि रगडल्यावर किती वेळ गरम राहिला याचा. त्याला चहा पिता पिता जे सांगितलं, ते इथे जरा नीट मांडतो.

आधी दाणा म्हणजे काय. वितळलेलं ॲल्युमिनियम थिजायला लागलं की एकाच वेळी असंख्य ठिकाणी स्फटिक धरतो. तुपाला कणी धरते तसंच. कढवलेलं तूप सावकाश निवलं की रवाळ होतं, पातेलं पाण्यात ठेवून झटक्यात निववलं की कणी बारीक राहते. धातूच्या प्रत्येक कणीत अणू शिस्तीत रांगा धरून बसलेले असतात. ॲल्युमिनियममध्ये ते घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहा पृष्ठांच्या मध्यावर बसतात, घनाची बाजू ०.४०५ नॅनोमीटर. पण एका कणीतल्या रांगा जिकडे तोंड करून असतात, तिकडे शेजारणीच्या नसतात. मांडवीभोवतीच्या जुन्या वस्तीत फिरलेल्याला हे वेगळं सांगायला नको. एका पोळातली, म्हणजे जुन्या मोहल्ल्यातली, गल्ली उत्तरेला, लगतच्या पोळातली तिरपी, आणि मधे भिंत. दोन दाण्यांमधली ही भिंत म्हणजे ग्रेन बाउंडरी, आपण सीमा म्हणू. कॉस्टिक प्रत्येक दाणा त्याच्या रांगांच्या दिशेप्रमाणे वेगवेगळा खातो, म्हणून उजेडात एक चमकतो आणि दुसरा विझतो.

आता धातू वाकतो कसा? मला याचं उत्तर पंगतीत सापडतं. पानं वाढलेली आहेत, सगळे बसलेत आणि ऐनवेळी कुणाचे तरी मामा येतात. यजमान सगळ्या पंगतीला "उठा आणि एकेक पाट सरका" असं सांगत नाही. मामा मधेच टेकतात, त्यांच्या शेजारचा थोडा सरकतो, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या. दाटी पुढे पुढे जात शेवटी पंगतीच्या टोकाला बाहेर पडते. स्फटिकात अशीच एखादी जास्तीची अर्धी रांग घुसलेली असते. जोर लावला की ती दाटी एकेका घराने सरकते आणि सगळे अणू एकदम न हलवता धातू आकार बदलतो. या दाटीला डिस्लोकेशन म्हणतात. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी ही कल्पना आपापल्या परीने, स्वतंत्रपणे मांडली. मऊ केलेल्या धातूत या दाट्या कमी असतात. जबर रगडलेल्या धातूत त्यांची संख्या हजारो पटींनी वाढते, आणि मग त्या एकमेकींच्याच वाटेत येतात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती ताठर होत जाते, ते यामुळे.

सरकत आलेली दाटी दाण्याच्या सीमेशी पोचली की अडते, कारण पलीकडच्या रांगा तिरप्या. म्हणून सीमा जितक्या जास्त, म्हणजेच दाणे जितके बारीक, तितका धातू वाकवायला कठीण. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि पेच यांनी १९५३ मध्ये त्याचा हिशेब बसवला: दाण्यांमुळे येणारी ताकद दाण्याच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. दाणा १०० पट बारीक झाला, तर ताकदीतला तेवढा भाग १० पट. पण सगळ्या सीमा सारख्या नसतात. दोन बाजूंच्या रांगांत १५ अंशांपेक्षा कमी फरक असेल तर ती भिंत कसली, माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधला उंबरठा म्हणायचा. दाटी जरा अडखळते आणि ओलांडून जाते. १५ अंशांच्या वर गेलं की खरी भिंत. उंबरठा आणि भिंत हे दोन शब्द लक्षात असू द्या, पुढे लागतील.

आता सोऱ्याकडे येऊ. एक्स्ट्रुजन म्हणजे चकलीचा सोऱ्याच. शिशाचे पाइप असे दाबून काढायचं पेटंट जोसेफ ब्रामा यांनी १७९७ मध्ये घेतलं, आणि गरम पितळासाठी अलेक्झांडर डिक यांनी १८९४ मध्ये. ॲल्युमिनियम या सोऱ्यात त्यानंतर आलं, कारण त्याआधी ते परवडणारंच नव्हतं. आपल्या लक्ष्मी विलास पॅलेसचं काम १८७८ मध्ये सुरू झालं तेव्हा हा धातू दुर्मिळ आणि महागडा होता. विजेने तो काढायची रीत हॉल (हे हॉल वेगळे) आणि एरू यांना १८८६ मध्ये सापडली आणि १८९० मध्ये पॅलेस पुरा झाला. राजवाड्याला ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या नाहीत, हे आपलं नशीब. (त्याच १८९० मध्ये सयाजीरावांनी कलाभवन काढलं. दादासाहेब फाळके तिथे शिकले आणि बऱ्याच वर्षांनी मीही, पण तिथल्या मेटलर्जीच्या वर्गात.)

प्रेसवर बिलेट येतो तो गोल ओंडका. सात इंची म्हणजे १७८ मिलिमीटर व्यासाचा धरू. तो ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, कंटेनरमध्ये ढकलतात आणि मागून रॅम दाबते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणजे धातू इथे घट्टच आहे, पण थंडीतलं श्रीखंड जितपत घट्ट तितपत. समोर डाय, डायला २५ मिलिमीटरचं भोक. बिलेटच्या आणि रॉडच्या क्षेत्रफळाचं गुणोत्तर सुमारे ५०. साठ सेंटिमीटरचा बिलेट घातला तर शेवटी मागे ठेवायचा बट, म्हणजे बिलेटचा उरलेला तुकडा, वगळून जवळजवळ ३० मीटर रॉड बाहेर येतो.

या बिलेटमधल्या एका दाण्याचं काय होतं बघा. सुरुवातीला तो १५० मायक्रॉनचा गोळा, म्हणजे दोन केसांच्या जाडीचा. रॉड होताना त्याची लांबी ५० पट वाढते आणि जाडी सात पट घटते. ७.५ मिलिमीटर लांब आणि २१ मायक्रॉन जाड, अशी शेवया वळल्यासारखी तार. सगळे दाणे असे एकाच दिशेला ओढले गेले की गाभा तंतुमय होतो. त्या राखाडी, रेशमी गाभ्याचं हेच गुपित. लांबीच्या दिशेने ओढलं तर असा गाभा उत्तम ताकद देतो.

किती रगडलं याचं माप अभियंते एका आकड्यात सांगतात, त्याला स्ट्रेन म्हणतात. पट्टी ताणून दुप्पट केली की हा आकडा ०.७ येतो. ५० पट केली की ३.९. हा ३.९ लक्षात ठेवा.

पण हे झालं सरासरीचं गणित, आणि खरा सोऱ्या सरासरीने चालत नाही. चकल्या पाडून झाल्यावर सोऱ्या उघडून बघा, कडेला पिठाचा थर चिकटून राहिलेला असतो, मधलं पीठ मात्र सरळ निघून गेलेलं. गरम ॲल्युमिनियम तर कंटेनरच्या पोलादी भिंतीला अक्षरशः चिकटतं. डायच्या तोंडाशी, चारी बाजूंच्या कोपऱ्यांत धातू अडकून बसतो आणि हलतच नाही. त्याला डेड झोन म्हणतात. हलणारा धातू या अडेलतट्टूच्या अंगावरून घासत डायच्या भोकाकडे जातो. हलणारा आणि न हलणारा यांच्या मधला जो पातळ पट्टा, तिथे खरी कुचंबणा. गाभ्याचा धातू नुसता ताणला जातो, इथला आडवा फाकवला जातो, पत्त्यांचा कॅट टेबलावर सरकवल्यासारखा. आणि हाच पट्टा बाहेर येऊन रॉडची कातडी बनतो. बिलेटची स्वतःची कातडी, ऑक्साइड आणि मळ यांच्यासकट, मागे राहते आणि बटबरोबर भट्टीत जाते. प्रेसमधून ताजा रॉड इतका लखलखीत निघतो तो यामुळेच, ते अंग तोपर्यंत कुणी बघितलेलंच नसतं.

म्हणजे कातडीचं रगडणं ३.९ च्या कितीतरी वर जातं. पुस्तकी भाषेत सिव्हिअर प्लास्टिक डिफॉर्मेशन. यातल्या 'प्लास्टिक'चा पिशवीशी संबंध नाही, एकदा बदललेला आकार परत येत नाही एवढाच त्याचा अर्थ. मग एवढं रगडलेल्या कातडीचे दाणे बारीक व्हायला हवेत. होतातही! इथे बरेच जण गोंधळतात, म्हणून जरा थांबतो.

गरम असताना रगडलेल्या ॲल्युमिनियमची एक खोड आहे. त्याच्यातल्या दाट्यांना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उडी मारणं फार सोपं जातं. तांब्यापितळेत ते इतकं सोपं नसतं. त्यामुळे ॲल्युमिनियममध्ये समोरासमोर आलेल्या दाट्या एकमेकींना पुसून टाकतात, आणि उरलेल्या रांगेत उभ्या राहून दाण्याच्या आत काही मायक्रॉनच्या खोल्या पाडतात. पण उंबरठ्यांच्या खोल्या, भिंतींच्या नव्हेत. गाभ्यात बात इथेच थांबते. कातडीत मात्र दाणा इतका चपटा होतो की त्याची जाडी एका खोलीएवढीच उरते. वरची भिंत आणि खालची भिंत, दोन्ही नागमोडी, एकमेकींना टेकतात आणि मधून चिमटा घेतल्यासारख्या जोडल्या जातात. एका लांब दाण्याचे अनेक छोटे दाणे होतात, आणि आता खऱ्या भिंतींचे. डायच्या तोंडातून बाहेर पडतानाच्या क्षणी रॉडची कातडी गाभ्यापेक्षा बारीक दाण्याची असते.

मग आमच्या तुकड्यात खडीसाखर कुठून आली?

उष्णतेने. डायमधून निघताना घर्षणाने आणि रगडण्याने कातडी आणखी तापलेली असते, ५०० अंशांच्या वर. रगडताना खर्ची पडलेली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन जाते, पण थोडी धातूत दाट्यांच्या आणि सीमांच्या रूपाने साठून राहते. कातडीत ही साठवण सगळ्यात जास्त. सीमा म्हणजे धातूच्या दृष्टीने खर्च, जितकी कमी तितकं त्याला बरं. पाण्याचा फवारा लागेपर्यंत जे काही सेकंद मिळतात, किंवा नंतर सोल्यूशनच्या भट्टीत (मिसळलेले घटक धातूत विरघळावेत म्हणून रॉड पुन्हा तापवतात ती) जो वेळ मिळतो, तेवढ्यात मोजके काही दाणे शेजाऱ्यांना गिळत सुटतात. बारीक कणीचं तूप उन्हात राहिलं आणि पुन्हा निवलं की मोठी कणी धरतं, साधारण तसंच, फक्त इथे काही वितळत नाही. जो भाग सगळ्यात बारीक होता तोच सगळ्यात भरड होतो. याला पेरिफेरल कोर्स ग्रेन म्हणतात. आमच्याकडे प्रेसवाले नुसतं 'रिंग' म्हणतात.

गाभा का नाही बिघडत? ६०८२ मध्ये ०.४ ते १ टक्का मँगनीज असतं. बिलेट प्रेसवर यायच्या आधी होमोजिनाइझ करतात, म्हणजे भट्टीत तासन्‌तास भिजवतात. तेव्हा मँगनीजचे अतिसूक्ष्म कण धातूभर पसरतात. सीमा सरकायला लागली की या कणांत अडकते, धोतराचा सोगा बाभळीत अडकावा तशी. ही कल्पना झेनर यांची, सिरिल स्मिथ यांनी ती १९४८ मध्ये छापली. कण जितके बारीक आणि जितके जास्त, तितकी पकड घट्ट. गाभ्यातली साठवलेली ऊर्जा ही पकड सोडवू शकत नाही, कातडीतली सोडवते. होमो करताना भट्टी जास्त तापली तर कण जाडे होऊन पकड सैल पडते. मग रिंगची जाडी वाढते आणि सगळे डायवाल्याच्या नावाने ओरडतात. खिडक्यांच्या ६०६३ मध्ये मँगनीज नावापुरतं, म्हणून त्याचं सेक्शन बहुधा कडेपासून मधोमधपर्यंत सगळंच नव्या दाण्यांचं होतं आणि रिंगचा प्रश्न फारसा येत नाही.

रिंगचे दाणे मोठे असल्यामुळे वाकवताना प्रत्येक दाणा आपापल्या दिशेने फुगतो किंवा दबतो. बारीक दाण्यांत हे उंचसखल डोळ्याला दिसत नाही, मिलिमीटरभर दाण्यांत संत्र्याची साल दिसते. शिवाय वारंवार भार येणाऱ्या भागाला तडा नेमका पृष्ठभागापासून सुरू होतो, आणि तिथेच नेमका कमकुवत धातू.

एवढं झाल्यावर त्या मुलाने चांगला प्रश्न विचारला. "म्हणजे काका, जास्त रगडणं वाईट?"

मुळीच नाही. जगभरच्या प्रयोगशाळा गेली तीस-चाळीस वर्षं हेच मुद्दाम करतायत, फक्त वेगळ्या पद्धतीने. दाब देऊन पिळण्याचे प्रयोग हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांनी फार आधी केले. त्यांच्या उच्च दाबाच्या कामाला १९४६ चं नोबेल मिळालं. पण आपल्या विषयाला जवळचा तो व्लादिमीर सेगल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मिन्स्कमध्ये काढलेला डाय. पोलादाच्या ठोकळ्यात इंग्रजी एल अक्षरासारखी, काटकोनात वळणारी एकच बोगदी. दोन्ही हात सारख्याच व्यासाचे. वरून रॉड घालून दाबायचा, तो कोपऱ्यावर वळून बाहेर पडतो. जाडी तीच, धातू मात्र कोपऱ्यावर पत्त्यांच्या कॅटसारखा सरकलेला. याला इक्वल चॅनल अँग्युलर प्रेसिंग म्हणतात, संक्षेपाने ईकॅप. पुढे रशियातल्या उफा शहरात रुस्लान व्हालिएव्ह यांनी या वाटेने अतिसूक्ष्म दाण्यांचे धातू करून दाखवले आणि विषयाला धुमारे फुटले.

सोऱ्या आणि ईकॅप यांत फरक काय, तर चकली पाडणं आणि कणीक तिंबणं यांत जो फरक तोच. चकली एकदा पडली की पडली, तिचा आकार ठरला. कणकेचा गोळा मात्र दाबा, दुमडा, फिरवा, पुन्हा दाबा. गोळा तेवढाच राहतो आणि आतून बदलत जातो. ईकॅपचा रॉड तितक्याच जाडीचा निघतो, म्हणून पुन्हा त्याच बोगदीत घालता येतो. दर वेळी तो ९० अंश फिरवून घातला, तर सरकण्याच्या दिशा बदलत राहतात आणि उंबरठे लवकर भिंती होतात.

आता आकडा बघा. काटकोनी, तीक्ष्ण कोपऱ्याच्या डायमध्ये एका फेरीचा स्ट्रेन १.१५. चार फेऱ्यांचा ४.६. आणि आमच्या रॉडच्या गाभ्याचा? ३.९. म्हणजे आकड्यात फारसं अंतर नाही! मला स्वतःला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा खुर्चीवर सरसावून बसलो होतो. एवढंसं अंतर, मग एकीकडे साधा रॉड आणि दुसरीकडे अतिसूक्ष्म दाणे असं कसं? फरक दोन गोष्टींचा. ईकॅपमध्ये ॲल्युमिनियम बहुधा खोलीच्या तापमानालाच रगडतात, त्यामुळे पुसापुशी मंदावते आणि शेजाऱ्यांना गिळायला कुणाच्या अंगात त्राण नसतं. आणि प्रत्येक फेरीला दिशा बदलते. गरम सोऱ्यात धातू एकाच दिशेला ओढला जातो, आणि ओढता ओढताच स्वतःची मोडतोड दुरुस्त करत जातो.

शुद्ध ॲल्युमिनियमवरचा एक गाजलेला प्रयोग आहे, १९९० च्या दशकातला, जपानी चमूचा. सुरुवातीचा दाणा सुमारे एक मिलिमीटरचा. चार फेऱ्यांनंतर १.३ मायक्रॉन. घनफळाचा हिशेब करा: एका दाण्याच्या जागी साधारण ४५ कोटी दाणे. पण त्यापुढे कितीही रगडलं तरी शुद्ध ॲल्युमिनियमचा दाणा फारसा बारीक होत नाही, कारण पुन्हा तीच खोड, दाट्यांची पुसापुशी थंडपणीही चालूच. तीन टक्के मॅग्नेशियम घातलं की मॅग्नेशियमचे अणू दाट्यांचे पाय ओढतात, पुसापुशी अडते आणि दाणा ०.२-०.३ मायक्रॉनपर्यंत खाली येतो. अर्थात त्याला फेऱ्याही जास्त लागतात.

ताकदीचं बघाल तर सगळ्यात मोठी उडी पहिल्याच फेरीत येते. पुढच्या फेऱ्यांत ती सावकाश वाढते, पण तोपर्यंत उंबरठ्यांच्या भिंती होत असतात, आणि पुढे तापमानाला टिकण्याचे वगैरे गुण त्या भिंतींवरच अवलंबून. पहिल्या फेरीवर समाधान मानून हार्डनेसचा आकडा मिरवणारे अहवाल मी बरेच पाहिलेत. आकडा खरा असतो, रचना अर्धीकच्ची असते.

६०८२ सारख्या मिश्रधातूत आणखी एक पात्र आहे. यांची ताकद मुख्यतः मॅग्नेशियम आणि सिलिकॉनच्या सुयांसारख्या कणांतून येते. हे दोन्ही घटक गरम पण घट्ट धातूतच विरघळवून, पाण्यात झटक्यात निववून, मग १७५ ते १८५ अंशांवर काही तास ठेवलं की या सुया बाहेर पडतात. त्याला एजिंग म्हणतात. सुया बनल्यानंतर ईकॅप केलं तर दाट्या सुया कापत जातात, काही तुकडे परत विरघळतात, आणि रॉड फुटायची भीती असते. म्हणून आधी विरघळवायचं, मग रगडायचं, मग एजिंग. पण रगडलेल्या धातूत अणूंना ये-जा करायला वाटाच वाटा, त्यामुळे एजिंग झपाट्याने होतं. नेहमीचे १८० अंश दिले तर सुया भरड होतात आणि रगडून कमावलेलं पुसलं जातं. त्यासाठी १००-१२० अंशच पुरतात.

आणि हीच या सगळ्या करामतीची दुखती नस. अतिसूक्ष्म दाणे उष्णता सोसत नाहीत. साध्या मिश्रधातूत २००-२५० अंशांपुढे दाणे फुगायला लागतात. थोडं स्कँडियम घातलं तर त्याचे कण सीमांना ४०० अंशांच्या आसपासही धरून ठेवतात, पण स्कँडियमची किंमत ऐकली की माणूस ते नाव परत काढत नाही. असा धातू गरम करून सावकाश ताणला तर मूळ लांबीच्या दहा पटींहून जास्त लांबतो, न तुटता. ओल्या मैद्यासारखा.

मग हे रॉड आपल्याला बाजारात का मिळत नाहीत? कारण ईकॅपचा तुकडा लहान असतो, प्रयोगशाळेत तर बोटाएवढा, आणि तो पुन्हा पुन्हा हाताने घालावा लागतो. रॉडभर अखंड रगडण्यासाठी ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात कॉन्फॉर्म नावाचं यंत्र निघालं होतं. फिरतं चाक घर्षणाने धातू डायकडे ओढत नेतं. २००४ मध्ये त्याची ईकॅपशी सांगड घातली गेली. विजेच्या तारांसाठी त्यावर बरंच काम चाललंय, कारण बारीक दाणा आणि योग्य एजिंग जमलं तर तार मजबूतही होते आणि वीजही चांगली वाहते, एरवी एक मिळवायला दुसरं सोडावं लागतं. चिप बनवताना धातूचा थर उडवायला जी जाड तबकडी लागते, ती या पद्धतीने करून विकली गेलेली आहे, कारण तिथे दाणा बारीक आणि सगळीकडे सारखा असावा लागतो. साणंद-धोलेऱ्याकडे चिपचे कारखाने उभे राहतायत, तेव्हा हे शब्द आपल्याकडेही कानावर पडायला लागतील.

पण तो मुलगा काही तबकड्या करायला आला नव्हता. एकाच बंडलातला एक रॉड चांगला आणि एक खराब का, हा त्याचा प्रश्न शिल्लकच होता.

उत्तर रॉडच्या जागेत आहे. ३० मीटरची लांब ओढ प्रेसवर निघते, ती स्ट्रेचरवर ताणून सरळ करतात आणि बारा-बारा फुटांचे तुकडे पाडून बंडल बांधतात. बिलेट सुरुवातीला लांब असतो, तेव्हा त्याच्या मधला निवांत धातू आधी बाहेर येतो. रॅम पुढे सरकत जाते तसतसा कंटेनरच्या भिंतीशी रगडला गेलेला धातू आत ओढला जातो. म्हणून रिंग पुढच्या टोकाला पातळ आणि मागच्या टोकाला जाड. त्याचा पहिला रॉड ओढीच्या पुढच्या भागातला असणार, दुसरा शेपटाचा.

मी पूर्वी एका कारखान्यात क्वालिटीला होतो. तिथे चाचणीचा तुकडा नेहमी पुढच्या टोकाचा काढायचे, कारण तो आधी हाती लागतो. सगळे रिपोर्ट झकास. एकदा गिऱ्हाइकाने मागचं टोक कापून कॉस्टिकमध्ये घातलं आणि सगळा लॉट परत आला. तीन दिवस आम्ही एकमेकांना शिव्या दिल्या. चौथ्या दिवशी सुपरवायझरने भिंतीवर खडूने लिहिलं: 'सॅम्पल पाछळथी.' तुकडा मागून काढा.

"मग आता काय करू?" मुलगा म्हणाला. "बत्तीसचा रॉड घेऊन लेथवर पंचवीसला उतरवू?"

"जमेल. रिंग सालीसारखी निघून जाईल. पण पैसे?"

तो गप्प बसला. मग म्हणाला, "बंडलात पुढचा कुठला आणि मागचा कुठला, ओळखायचं कसं?"

"बघून नाही कळत. प्रत्येक रॉडचं टोक चकतीएवढं काप, घासून सपाट कर, कॉस्टिकमध्ये सोड. कडं जाड दिसलं तो बाजूला ठेव, सरळ कामाला वापर. वाकवायचे ते पातळ कड्याचे."

त्याने वहीत लिहून घेतलं. दारापर्यंत गेला आणि वळला. "काका, कॉस्टिक घरीच गॅसवर गरम केलं तर चालेल ना? आईचं जुनं पातेलं आहे."

"कसलं पातेलं?"

"ॲल्युमिनियमचं."

त्याला परत बसवला आणि आणखी एक चहा मागवला.